हरणाचं तोंड

माझा आवाज मोठा आहे. वाशिमजवळच्या मालेगावच्या भाजीबाजारात माझं निम्मं आयुष्य गेलं, तिथं शेजारचा कांदेवाला रोज कानावर हात ठेवून म्हणायचा, "काकू, गिऱ्हाईक समोरच उभं हाय, वाशिमले नाई गेलं." आता लेक फोनवर माझ्याशी बोलताना फोन हातभर लांब धरते, तेही मला दिसतं. पण हा आवाज बाजारात कमावलेला नाही. बाजारात जायच्या कितीतरी आधी, आमच्या वावरात हरणं हाकलून हाकलून तो तयार झाला होता. त्याचा मला तेव्हाही तोरा होता आणि खरं सांगायचं तर आजही आहे. याच आवाजानं सातवीत असताना माझी आणि माझ्याबरोबर अख्ख्या वर्गाची अशी काही फजिती केली, की ती आठवली की मी अजून एकटीच हसत बसते.

आमचं घर गावाच्या शेवटाला, आणि घराला लागूनच वावर. विहिरीचं पाणी होतं म्हणून बाबा भाजीपाला करत. वांगी, टमाटे, कोबी, आणि हिवाळ्यात मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. पलीकडच्या अर्ध्या तुकड्यात हरभरा. सकाळी जाग यायची ती मोटारपंपाच्या घरघरीनं. मग मायची हाक, मग मेथी उपटताना मुळांचा तो कचाकच आवाज. मेथीच्या जुड्या बांधायचं काम माझं. शाळेत जाताना बोटांना तो कडवट वास असायचा आणि कल्पी, माझी शेजारीण आणि मैत्रीण, बाकावर सरकून बसायची, "दूर हो व, मेथीची भाजी!" तिच्या बोटांना सांभाराचा वास यायचा, पण ते तिला कोण सांगणार? चुलीवर ज्वारीची भाकर, तव्यावर तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, आणि बाजाराच्या दिवशी विकून उरलेल्या वांग्यांचं भरीत. आमच्याकडे चांगली वांगी बाजारात जायची आणि किडकी घरात यायची. माय किडका भाग इतक्या सफाईनं काढायची की भरीत खाताना कुणाला शंकासुद्धा येऊ नये.

आणि हरणं. टेकडीच्या बाजूनं उतरायची, पहाटे आणि दिवस बुडताना. नुसती खाऊन गेली असती तर बाबा एवढे चिडले नसते, पण ती शेंडे खुडायची. कोवळा हरभरा वरच्यावर खुडत जायचं आणि अख्खा वाफा तुडवून ठेवायचा. शेजाऱ्यांनी तारेला झटका मशीन बसवलं होतं. बाबांनी त्याऐवजी रिसोडहून एक भोंगा आणला. त्यात आपला आवाज भरायचा आणि तो दिवसभर आपोआप ओरडत राहतो. बाबांनी मोठ्या हौसेनं स्वतःचा आवाज भरला, "हुडाऽऽ हाऽऽ! हुडाऽऽ हाऽऽ!" दोन-चार दिवस हरणं लांब राहिली. नंतर एकदा पाहतो तर एक हरीण भोंग्याला पाठ घासत हरभरा खात होतं. बाबांनी भोंगा काढून माळ्यावर टाकला आणि मला म्हणाले, "जाऊ दे. मशीनीत जान नसते. तुह्या आवाजात जान हाय." त्या दिवसापासून शाळेआधी आणि शाळेनंतर मचाणावर मी, हातात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, जुनी ताटली आणि एक काडी. हरभऱ्यात जरा काही हललं की आधी ताटली, मग मी. शिवारातली माणसं म्हणायची, बाप्पा, पोट्टी हाय का रेल्वेचं इंजिन!

तर अशा आमच्या शाळेत एक दिवस रेवती म्याडम आल्या. शेलूबाजारच्या रस्त्याला टेकडीच्या अंगानं वनखात्याचं एक निसर्ग उद्यान होतं. शाळेच्या पोरांना तिथं नेऊन झाडं, पक्षी, जनावरं दाखवायची हे म्याडमचं काम. बाई नाशिकच्या, पायात बूट, पाठीवर पिशवी, आणि बोलणं असं शुद्ध की आमचे सरसुद्धा त्यांच्यापुढे जपून बोलायला लागले. त्यांनी फोनवर पाखरांचे आवाज ऐकवले, आम्ही ते ओळखले, त्या खूश झाल्या. मग सगळ्यांना कोरे कागद वाटले आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे हरणं पुष्कळ आहेत असं ऐकलंय. प्रत्येकानं हरणाचं चित्र काढा. पुस्तकातलं नको. तुम्ही पाहिलेलं."

आम्ही मान खाली घालून कामाला लागलो. मी तर शेपटीचे केस न् केस काढले. म्याडम कागद गोळा करत फिरत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. शेवटी त्यांनी कागद टेबलावर मांडले आणि सरांना बोलावलं. एकूण एक चित्रात हरणाचं बूड होतं. वर्तुळासारखं पांढरं बूड, वर केलेली शेपटी, मागचे दोन पाय उडालेले, आणि पुढं धूळ. कल्पीनं तर धूळच जास्त काढली होती.

"अरे," म्याडम म्हणाल्या, "तुमच्या हरणांना तोंड नाही का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मीच उठले, कारण आवाज माझाच. "म्याडम, तोंड असन ना. पन ते आमाले दिसत नाई. आमी हाकलतो, अन् ते पयते. पयतानी मांगूनच दिसते."

सर ओशाळले. म्याडम मात्र इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग हसणं थांबलं आणि त्या पुन्हा ती चित्रं पाहत राहिल्या. म्हणाल्या, "चला तर मग. पुढच्या आठवड्यात तुम्हाला उद्यानात नेते. माझं वचन आहे, तुम्हाला हरणाचं तोंड दाखवणार."

त्या दिवशी घरी येताना मला एकच ध्यास लागला होता. रोज ज्याला शिव्या देतो, ज्याच्यासाठी सकाळची झोप मोडतो, ते दिसतं कसं? त्याचे डोळे कसे असतात? मी इतकी वर्षं त्याच्या मागं ओरडले आणि त्याचं तोंड मला माहीत नाही, ही गोष्ट डोक्यातून जाईना. आता कुणाला हे पोरकट वाटेल. वाटो. मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

सहलीचा दिवस नेमका बाजाराचा निघाला. बाबांनी कपाळाला हात लावला. "जुड्या कोन बांधन? अन् कायले चालली त? हरनाचं तोंड पाहाले? अव त्याचं तोंड माह्या हरभऱ्यात असते! मचानावर बस, फुकटात पाय!"

"मचानावर कुठी दिसते बाबा? आपन ताटली वाजवतो ना."

"मंग काय आरती ओवाळू त्याची?"

माय भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "जाऊ द्या पोरीले. जुड्या मी बांधतो." आमच्याकडे बायासुद्धा 'मी बांधतो' म्हणतात, हे ऐकून रेवती म्याडमना पुढं बरेच दिवस गंमत वाटत होती. मायनं फडक्यात दोन भाकरी, भरीत आणि जवसाची चटणी बांधून दिली. भरीत चांगल्या वांग्याचं होतं. मला ते कळलं.

दोन काळीपिवळी गाड्यांत आम्ही मेंढरांसारखे भरून निघालो. अर्धी पोरं टपावर बसायला निघाली होती, सरांनी कान धरून खाली उतरवली. उद्यानात शिरताच म्याडमनी चपला काढायला लावल्या आणि वाळक्या पानांवरून चालवलं. "आवाज न करता चाला." आम्ही चालत होतो आणि कचकच वाजत होतं, आणि त्यामुळे हसू येत होतं, आणि हसू दाबलं की जास्तच येत होतं. मग पळसाच्या झाडाखाली डोळे मिटून बसवलं, किती तऱ्हेचे आवाज येतात ते ऐका म्हणाल्या. ज्याला त्याला वेगळंच ऐकू आलं. एकाला तर दूरच्या रस्त्यावरची एसटी ऐकू आली आणि ती रिसोडचीच आहे असं तो छातीठोकपणे सांगू लागला. वाटेत लेंड्या दिसल्या तेव्हा मात्र आम्ही भांडलोच. ही सशाची, ही रोह्याची म्हणजे नीलगाईची, ही हरणाची आणि ताजी! ताजी म्हटल्यावर मी भांडण सोडून झुडपांकडे पाहायला लागले. म्हणजे ते इथंच कुठंतरी होतं.

टेकडीमागं एक छोटं तळं होतं. काठापासून थोडं लांब तुराट्यांच्या ताट्या उभ्या करून लपण केलं होतं, आणि ताट्यांना डोळ्याच्या उंचीवर फटी ठेवलेल्या. आम्हाला आत ओळीनं बसवलं. म्याडम अगदी कुजबुजत म्हणाल्या, "ती येतील. पाणी प्यायला येतातच. पण एक शब्द बोललात की गेली. मग आज पुन्हा यायची नाहीत." सरांनी बोट ओठांवर ठेवून सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आम्ही बसलो. मांडीला मुंग्या आल्या. कल्पीला शिंक आली, ती तिनं नाक दाबून अशी जिरवली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या पुढ्यातल्या फटीतून तळं, तळ्याचा काठ आणि काठापलीकडे एक हिरवा पट्टा दिसत होता. जनावरांसाठीच उद्यानवाल्यांनी तिथं हरभरा पेरला होता. म्याडमनी येताना हे सांगितलंही होतं. पण ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, कारण मी तेव्हा लेंड्यांवरून भांडत होते.

आणि ती आली! आधी झुडपाच्या मागं काहीतरी हललं, मग एक मादी, मग आणखी, आणि सगळ्यांच्या मागून काळवीट. पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना पीळ घातलेला. माझं काळीज इतकं धडधडत होतं की ते ऐकूनच तो पळेल असं मला वाटलं. तो काठानं येत होता, पण तोंड दुसरीकडे. वळ, वळ रे बाबा, मी मनात म्हणत होते. म्याडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो थांबला. मान वळवायला लागला. शिंगं दिसली, कान दिसला, आता तोंड दिसणारच, आणि त्याच क्षणी त्यानं मान खाली घातली आणि हरभऱ्यात तोंड खुपसलं.

पुढचं मी केलं नाही. माझ्या अंगानं केलं. मी उभी होते, ताटी आडवी झाली होती, आणि माझ्या तोंडून सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं निघालं होतं, "हुडाऽऽ हाऽऽऽ!" आणि मी एकटी नव्हते! उजवीकडून, डावीकडून, अख्खा वर्ग उठला, "हुडाऽऽ हाऽऽऽ!" कुणी डबा वाजवला, कुणी टाळ्या पिटल्या. कल्पीनं तर ढेकूळ उचलून फेकलंसुद्धा. दुसऱ्याच्या हरभऱ्यात जनावर शिरलं तरी हाकलायचं ही आमच्या शिवाराची रीतच. पांढरी बुडं, उडालेले पाय आणि धूळ. जशी चित्रात काढली होती तशीच सगळी टेकडीमागं गेली.

मग सगळं शांत झालं. आम्ही उभेच होतो, कुणाचे हात अजून वर होते. सर दात खाऊन म्हणाले, "बह्याडहो! अरे त्याच्यासाठीच पेरला होता ना हरभरा!" आणि मला रडू फुटलं. नुसतं पाणी नाही, चांगलं भोकाड. एवढ्या जवळ येऊन, नुसती मान वर करायची राहिली होती, आणि मीच हाकललं. पोरं माझ्याकडे पाहत होती. "इनंच सुरू केलं," कुणीतरी म्हणालं. खरंच होतं ते.

म्याडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली मातीत बसल्या होत्या आणि हसू आवरत नव्हतं त्यांना. डोळे पुसत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत इथं कोणी हरभरा राखला नव्हता." मग त्यांनी मला जवळ बसवलं. आम्ही पुन्हा वाट पाहिली, पण हरणं आली नाहीत. शिदोऱ्या सोडल्या. ते चांगल्या वांग्याचं भरीत मला गिळेना, तर म्याडमनीच निम्मं खाल्लं आणि जवसाच्या चटणीनं त्यांना ठसका लागला. निघताना त्या म्हणाल्या, "मी वचन दिलं आणि मला ते पाळता आलं नाही. पण तुझ्याकडे माझ्यापेक्षा चांगली जागा आहे. तुमचं मचाण. एकदाच, ताटली न वाजवता बस. आणि मला तोंडाचं चित्र काढून दे."

सोपं वाटतं ऐकायला. बाबांना विचारायचं होतं! दोन दिवस मी तोंडात मूग धरून फिरले. तिसऱ्या दिवशी जेवताना बोलून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. "म्हंजे हरन हरभऱ्यात शिरन, अन् आपन वरून पाहात बसाचं?"

"थोडासाच वेळ, बाबा."

"थोड्या वेळात ते किती खाते, मालूम हाय का तुले?"

मी म्हटलं, "मी हाकललं त्याले, बाबा. ते कोनाचंच खात नोतं. त्याच्यासाठीच पेरेल होता. तरी म्या हाकललं. मले एक डाव तोंड पाहू द्या, मंग जिंदगीभर हाकलतो." बोलता बोलता आवाज फुटला. माझा आवाज फुटलेला बाबांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. ते ताटात पाणी ओतून उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला हलवून उठवलं. थंडी अशी की दात वाजत होते. मचाणावर बाबा घोंगडं पांघरून बसले, हातात ताटली आणि काडी. मी म्हटलं, "ताटली कायले आनली?" म्हणाले, "असू दे. सवय हाय." खाली विहिरीपाशी माय पाणी भरत होती. उजाडत आलं तसा हरभऱ्यावरचा दहिवर दिसायला लागला, आणि मग टेकडीच्या बाजूनं ती उतरली. मी स्वतःच्याच तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. मला माझा भरवसा राहिला नव्हता.

एक मादी सरळ आमच्या मचाणाच्या दिशेनं आली. हरभऱ्यात तोंड घातलं. बाजूला बाबांची काडी वर गेलेली मला दिसली. मी बाबांकडे पाहिलं. काडी तशीच वर राहिली. खाली आली नाही. आणि तिनं मान वर केली.

अगा माय! काय सांगू! डोळे एवढे मोठे, काजळ घातल्यासारखे, आणि भोवती पांढरी कडा. नाक ओलं, काळं. कान एकदा इकडे, एकदा तिकडे. तोंड बारीकसं, आणि त्या तोंडातून हरभऱ्याची एक डहाळी बाहेर लोंबत होती, आणि ती चघळत होती, सावकाश, आमच्याकडे बघत. थेट आमच्याकडे! मला ओरडावंसं वाटत होतं, पण या वेळी ते आनंदानं. हाताखाली माझं तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"पाह्यलं काय?" बाबा पुटपुटले.

"थांबा ना."

ते थांबले. खूप वेळ थांबले. हरभरा जात होता, आम्हाला दोघांनाही दिसत होतं. मग ते अगदी हळू म्हणाले, "म्या बी कदी नोतं पाह्यलं व याचं तोंड." काडी त्यांनी मांडीवर ठेवली. "हाकल आता."

"तुमीच हाकला."

"तुह्या आवाजात जान हाय. तू हाकल."

आम्ही असे एकमेकांवर ढकलत असतानाच विहिरीकडून घागर बडवल्याचा आवाज आला आणि मायनं हाळी दिली, "झोपले काय दोघंबी वरतं? हरभरा गेला ना! हुडाऽऽ हाऽऽऽ!" माझा आवाज कुणाकडून आला ते त्या पहाटे मला कळलं. पांढरी बुडं, पाय, धूळ. बाबांनी गेलेल्या हरणांकडे पाहिलं, मग खाली, कमरेवर हात ठेवून उभ्या मायकडे, आणि म्हणाले, "उद्या तुह्या मायले वर आनू."

माय सहजी थोडीच येते! "मले कामं नाईत का?" करत चार पहाटी टाळलं तिनं. पाचव्या पहाटे बाबांनी घागर लपवून ठेवली तेव्हा कुठं कुरकुरत मचाणावर चढली. हरीण आलं, मान वर केली, डहाळी चघळत मायकडे पाहिलं. मायनंही त्याच्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "एवढुसं तोंड याचं, बाप्पा, अन् अख्खा वाफा खाते?" आणि बाबांनी सवयीनं काडी उचलली, तशी ताटली ओढून घेऊन तिनं ती पदराखाली धरली.